वस्तरा आणि सुरी घरी घडवायची तर बेल्ट ग्राइंडर कोणता घ्यावा? बडोद्याच्या नवशिक्यांसाठी

बेल्ट ग्राइंडर, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या घासपट्ट्याने पोलाद घासणारं यंत्र, घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न निघतो तो एचपीचा. मकरपुरा जीआयडीसीत चौकशीला गेलात तर समोरचाही तेच विचारतो, "केटला एचपी? सिंगल फेज के थ्री फेज?" प्रश्न बरोबर आहेत, फक्त ते बरेच नंतर यायला हवेत. आधी ठरवायचं ते पातं. स्वयंपाकघरातली सुरी, कमरेच्या म्यानातला छोटा चाकू आणि दाढीचा वस्तरा या तिन्हींना एकच यंत्र चालतं, पण त्या यंत्राचा कोणता भाग उत्तम हवा आणि कोणता चालवून घेता येईल, हे तिघांत वेगळं आहे. ते एकदा कळलं की मोटर, चाकं, बेल्टची लांबी हे सगळं ठरवणं सोपं जातं आणि पैसा योग्य जागी पडतो.

आधी पातं कागदावर काढा

पूर्ण मापाचं चित्र काढा. बाजूने दिसणारा आकार तर काढाच, पण त्याहून महत्त्वाचा आहे तो आडवा छेद, म्हणजे पातं मधोमध कापलं तर कसं दिसेल ते. ग्राइंडरची निवड त्या छेदावरून होते.

सुरीचा छेद बहुतेक वेळा साधा असतो. पाठीपासून धारेपर्यंत दोन सपाट उतार. त्यासाठी बेल्टच्या मागे असलेला सपाट पाटा, म्हणजे प्लॅटन, सरळ आणि कडक हवा. प्लॅटन ०.२ मि.मी.नेही खोलगट झाला असेल तर सुरीचा उतार कधीच सपाट येणार नाही. तुम्ही हाताला दोष देत बसाल. नुसत्या माइल्ड स्टीलचा प्लॅटन बेल्टच्या घर्षणाने झिजतोच. म्हणून त्यावर सिरॅमिक काचेची पट्टी चिकटवतात, किंवा कडक केलेल्या पोलादाची पट्टी बोल्टने बसवतात, म्हणजे झिजली की बदलता येते. सुरीच करायची असेल तर पैसे इथे घाला.

वस्तऱ्याचं गणित निराळं आहे, आणि नवशिके इथेच चुकीचं यंत्र घेऊन बसतात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगतात: ५/८, ६/८, ७/८. समजा तुमचा ६/८ आहे, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत साधारण १९ मि.मी. वस्तरा दगडावर लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात. म्हणजे धारेचा कोन तुमच्या हातात नसतो, तो पाठीच्या जाडीवर ठरतो. १९ मि.मी. रुंदीला ५.४ मि.मी. जाड पाठ ठेवली तर कोन सुमारे १६ अंशांचा येतो, आणि तो दाढीला योग्य असतो. पाठ ४ मि.मी. झाली तर कोन १२ अंशांवर उतरतो आणि धार केसांवरच चिरू लागते. ढोबळ नियम असा की रुंदीला साडेतीनने भागा, पाठीची जाडी मिळते.

आता दोन्ही बाजूंचे गाल. पाठीपासून धारेपर्यंत सरळ रेष ठेवली तर पाचर होते. जुने शेफील्डचे वस्तरे बरेचसे असेच जड असत. पुढे जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी पोकळ घासण्याची कला टोकाला नेली आणि आज आपण ज्याला वस्तरा म्हणून ओळखतो तो आकार रूढ झाला. ही पोकळी चाकाच्या गोलाईतून येते. चाक जितकं लहान तितकी पोकळी खोल.

आकडे घालून बघा. गालावर १६ मि.मी. उंचीची पोकळी घ्यायची आहे. २०० मि.मी. व्यासाच्या चाकावर तिची खोली जेमतेम ०.३२ मि.मी. येते. १०० मि.मी.च्या चाकावर ०.६४, ७५ वर सुमारे ०.८६ आणि ५० वर १.३१ मि.मी. आपल्या पाचरीची मधली जाडी आहे २.७ मि.मी., म्हणजे प्रत्येक बाजूला १.३५. तेव्हा १०० च्या चाकाने मध्ये जवळजवळ १.४ मि.मी. पोलाद शिल्लक राहतं, ७५ च्या चाकाने साधारण १ मि.मी., आणि ५० च्या चाकाने मधलं पातं कागदासारखं होऊन आरपार जायच्या बेतात येतं. पूर्ण पोकळ वस्तरा एका झटक्यात एका लहान चाकावर घासत नाहीत. धारेकडचा भाग वेगळा, पाठीकडचा वेगळा घासतात आणि मध्ये बारीकसा उंचवटा ठेवतात, तो याचसाठी. नवशिक्याने पहिले वस्तरे १०० मि.मी.च्या चाकावर अर्धपोकळच करावेत, मग ७५ कडे जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजारात तयार मिळणाऱ्या बऱ्याच ग्राइंडरवर एकच मोठं चाक असतं, २०० किंवा २५० मि.मी.चं. ते छोट्या चाकूच्या पोकळ घासणीला छान, वस्तऱ्याला जवळपास निरुपयोगी. म्हणून वस्तरा करायचा असेल तर विचारायचं ते हे: चाक किती लवकर बदलता येतं आणि ७५ ते १०० मि.मी.चं रबरी चाक यात बसेल का?

कागदावरच्या चित्रात आणखी एक माप तपासा. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ते हत्यारांच्या वर्गात जातं. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. स्वयंपाकघराची मोठी सुरी ही सुरीसारखीच दिसली पाहिजे. खंजीर, कट्यार वगैरे आकार शिकाऊ माणसाने हातातच घेऊ नयेत.

बेल्टची लांबी

जगभरच्या चाकू बनवणाऱ्यांनी २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब बेल्ट प्रमाण मानला आहे. मिलिमीटरमध्ये ५० × १८३०. लांब बेल्टचे दाणे जास्त, म्हणून तो हळू झिजतो आणि फेऱ्यांच्या मध्ये थंड व्हायला त्याला जास्त वेळ मिळतो. चांगल्या सिरॅमिक दाण्याचे बेल्ट याच मापात सहज मिळतात हे सर्वांत मोठं कारण. आपल्याकडे कार्बोरंडम युनिव्हर्सल, ग्राइंडवेल नॉर्टन अशा कंपन्यांचे रोल घेऊन हव्या त्या लांबीचे बेल्ट जोडून देणारे व्यापारी आहेत, त्यामुळे विचित्र माप असलं तरी अडत नाही. पण विचित्र मापाचा बेल्ट दरवेळी सांगून करवावा लागतो, हे लक्षात ठेवा.

१ × ३० इंचांचं छोटं टेबलावरचं यंत्र स्वस्तात मिळतं. धार लावायला ते बरं आहे. पातं घडवायला नाही. त्याचा वेग ठरलेला असतो, चाकं प्लॅस्टिकची असतात आणि जरा जोर दिला की बेल्ट थांबतो.

लाकूडकामाचं ४ × ३६ इंचांचं सँडर काहींच्या घरी आधीच असतं आणि "यावरच करू" असा विचार येतो. येऊ देऊ नका. त्याच्या पिशवीत लाकडाचा भुसा साठलेला असतो आणि पोलादाच्या ठिणग्या थेट त्यात जातात.

वेग: इथे अमेरिकन आकडे आंधळेपणाने घेऊ नका

बेल्टचा वेग काढायचं सूत्र सोपं आहे. मोटरवरच्या चाकाचा व्यास गुणिले ३.१४ गुणिले मिनिटाचे फेरे. मोटर दोन प्रकारच्या भेटतील. दोन पोलची, जी आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला साधारण २८८० फेरे करते, आणि चार पोलची, जी साधारण १४४० करते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथल्या व्हिडिओत ३४५० आणि १७२५ हे आकडे ऐकू येतात. तिथल्या माणसाने सांगितलेल्या मापाचं चाक इथे लावलं तर वेग सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी पडतो.

१०० मि.मी.चं चाक दोन पोलच्या मोटरवर सेकंदाला १५ मीटर देतं. १२५ चं चाक जवळजवळ १९ मीटर. चार पोलच्या मोटरवर १५० मि.मी.चं चाक ११ मीटरच्या वर जातं. खडबडीत सिरॅमिक बेल्टने, म्हणजे ३६ किंवा ६० नंबरच्या, मऊ पट्टीतून पोलाद उतरवायचं असेल तर १५ ते २० मीटर वेग हवा. सिरॅमिकचा दाणा वेग आणि दाब मिळाला तरच तुटून नवीन टोक काढतो, नाहीतर गुळगुळीत होऊन नुसता तापवत राहतो.

पण पाणी दिलेल्या, म्हणजे कडक केलेल्या वस्तऱ्याची धार अर्ध्या मिलिमीटरच्या खाली आली की हाच वेग शत्रू होतो. एवढ्या पातळ कडेला उष्णता वाहून न्यायला पोलादच उरलेलं नसतं. कड आधी फिकट पिवळी होते, मग तपकिरी, मग जांभळी-निळी. साध्या कार्बन पोलादात निळा रंग दिसला म्हणजे ती जागा ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली आणि तिचा कडकपणा उतरला. तो भाग घासून काढण्याशिवाय इलाज नाही, आणि वस्तऱ्यात घासून काढायला जागाच नसते. म्हणून वस्तरा करणाऱ्याला ३ ते ५ मीटरपर्यंत उतरणारा वेग हवाच हवा. सुरीपुरतं काम असेल तर वेग बदलण्याची सोय नसली तरी चालवून घेता येतं. वस्तऱ्याला ती चैन नाही.

मोटर आणि व्हीएफडी

वेग बदलायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे थ्री फेज मोटर आणि तिच्यापुढे व्हीएफडी, म्हणजे विजेचे हर्ट्झ कमी-जास्त करून मोटरचा वेग बदलणारं उपकरण. घरात सिंगल फेजच आहे म्हणून घाबरू नका. आत सिंगल फेज २३० व्होल्ट घेऊन बाहेर थ्री फेज देणारे व्हीएफडी मिळतात. मात्र बाहेर येणारं थ्री फेजही २३० व्होल्टचंच असतं, ४१५ चं नाही. आणि इथेच बरेच जण फसतात.

आपल्याकडे ३ एचपीपर्यंतच्या थ्री फेज मोटरी सहसा ४१५ व्होल्टवर स्टार जोडणीत चालण्यासाठी गुंडाळलेल्या असतात. त्याच मोटरची जोडणी डेल्टा केली तर ती २४० व्होल्ट थ्री फेजवर पूर्ण ताकदीने चालते. त्यासाठी टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोकं बाहेर काढलेली हवीत. मोटर घेताना झाकण उघडायला लावा. तीनच टोकं दिसली तर आतली स्टार जोडणी आतच बांधलेली आहे. अशी मोटर २३० च्या व्हीएफडीवर फिरेल, पण जोर लावला की गळून जाईल. रिवाइंडिंगवाल्याकडून टोकं काढून घेता येतात, पण नव्या मोटरला पहिल्या दिवशी चिरफाड कशाला? नेमप्लेटवर डेल्टा आणि स्टार दोन्हींचे व्होल्ट छापलेले असलेली मोटरच मागा.

ताकद किती? वस्तऱ्याला १ ते १.५ एचपी पुरते. सुरी आणि वस्तरा दोन्ही करायचे, तेही जाड पट्टीतून, तर २ एचपी, म्हणजे १.५ किलोवॉट. त्याहून जास्त घरी लागत नाही. पोल कुठले घ्यावेत यावर लोक वाद घालतात. माझा कल चार पोलकडे आहे: १५० मि.मी.चं चाक लावायचं आणि व्हीएफडी वर ७५ हर्ट्झपर्यंत, खाली १५ पर्यंत ठेवायचा. म्हणजे वरचा वेग १७ मीटर आणि खालचा साडेतीनच्या आत. खालच्या वेगात चार पोलची मोटर जास्त दमदार चालते आणि आवाजही कमी. ५० हर्ट्झच्या वर टॉर्क कमी होत जातो हे खरं, पण घरगुती कामात ते जाणवत नाही. २० हर्ट्झच्या खाली बराच वेळ चालवलं तर मोटरचा स्वतःचा पंखाही मंद होतो आणि ती तापते. अधूनमधून हात लावून बघत जा.

मोटर टीईएफसी, म्हणजे पूर्ण बंद आणि बाहेरून पंख्याने थंड होणारी, असायला हवी. उघड्या मोटरीत लोखंडाचा कीस शिरतो. तोच कीस व्हीएफडीच्या जाळीतून आत गेला तर सर्किटवर बसतो आणि एके दिवशी फटाका होतो. व्हीएफडी यंत्रावर न बसवता भिंतीवर लांब, धूळ न शिरणाऱ्या पेटीत बसवा, वेगाची फिरकी आणि बंद करायचं लाल बटण तेवढं वायरने हाताशी आणा.

१.५ किलोवॉटच्या मोटरचा दांडा सहसा २४ मि.मी.चा असतो आणि चावी, म्हणजे चाक दांड्यावर घसरू नये म्हणून खाचेत बसवतात ती पट्टी, ८ मि.मी.ची. परदेशातून किंवा ऑनलाइन चाकांचा संच मागवलात तर त्याचं भोक ५/८ किंवा ७/८ इंचाचं निघतं आणि ते आपल्या दांड्यावर बसत नाही. चाक आधी की मोटर आधी, असा प्रश्न पडला तर मोटर आधी.

घरची वीज

व्हीएफडीसह २ एचपीचा ग्राइंडर पूर्ण भाराला १० ते १२ अँपिअर ओढू शकतो. बेडरूमच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून हे चालवायचं नाही. १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि खरी अर्थिंग. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं पण अर्थिंगची वायर मागे कुठेच जात नाही, असं खूपदा असतं. वायरमनकडून मोजून घ्या. घराचा मंजूर भार एमजीव्हीसीएलच्या बिलावर लिहिलेला असतो. एसी आणि ग्राइंडर एकदम चालणार असतील तर तो बघून घ्या.

व्हीएफडीतून थोडा करंट अर्थिंगकडे गळतोच. त्यामुळे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, कधीकधी विनाकारण पडते. तिला बायपास करायला सांगणारा वायरमन भेटला तर वायरमन बदला. आणि व्हीएफडी बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नका. आतले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले असतात.

तयार घ्यायचा की करवून?

बडोद्यात राहणाऱ्याला इथे खरा फायदा आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, पुढे तेच विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झालं, आणि लेथ, मिलिंग, फिटिंग या गोष्टी या शहराच्या अंगवळणी पडल्या. मकरपुऱ्यात लेझरने जाड प्लेट कापून देणारे, चाकं टर्न करणारे आणि ओव्हन पेंट करणारे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडतात.

तरी पहिल्याच माणसाने पूर्ण यंत्र करवून घ्यावं असं मी म्हणणार नाही. सांगाडा आणि प्लॅटन-चाकं धरणारे हात करवून घ्या. १२ मि.मी. प्लेटचा सांगाडा कुणीही नीट करून देईल. चाकं मात्र जमत असेल तर तयार घ्या, विशेषतः रबर चढवलेलं. चाक एकाच पकडीत टर्न केलं नाही तर भोक आणि घेर एका केंद्रावर राहत नाहीत, आणि ही डगमग सुरीत खपून जाते पण वस्तऱ्याच्या गालावर लाटा उमटवते. रबराचा कडकपणा ७० शोअरच्या (रबराच्या कडकपणाचं माप) आसपास मागा. फार मऊ रबर पातळ धारेशी दबतं आणि कड गोल करतं.

टर्नरला सांगायच्या गोष्टी तीन. ट्रॅकिंग चाकाला, म्हणजे बेल्ट जागेवर धरणाऱ्या चाकाला, क्राऊन हवा, म्हणजे ५० मि.मी. रुंद चाकाचा व्यास मध्यभागी कडेपेक्षा साधारण १ मि.मी. जास्त. बेल्ट नेहमी चाकाच्या उंच भागाकडे चढतो. क्राऊन नसेल तर तो एका बाजूने उतरून जाईल. बाकीची चाकं सपाट चालतात. दुसरं, बेअरिंग ६२०३ घेतलीत तर टूआरएस, म्हणजे रबरी सील असलेली. पत्र्याच्या झाकणाची झेडझेड धुळीत लवकर करकरू लागतात. तिसरं, मोटरवरचं चाक चावी आणि ग्रब स्क्रू दोन्हींनी बसवायचं.

पुढे जोड वस्तू बाहेरून घ्यायचा विचार असेल तर हाताचं माप आधीच ठरवा. बाहेरच्या बहुतेक जोडांचा चौकोनी हात दीड इंचाचा, म्हणजे ३८ मि.मी.चा असतो. आपल्याकडे ४० चा बार सहज मिळतो, आणि ४० साठी केलेल्या खोबणीत ३८ चा हात डुगडुगतो.

यंत्र बघायला गेल्यावर

वीज लावण्याआधी प्रत्येक चाक हाताने फिरवा. अडखळणं, खरखर, डगमग डोळ्यांनाच दिसते. गुण्या घेऊन प्लॅटन आणि समोरचं टेबल काटकोनात आहे का बघा. टेबल आणि बेल्ट यांतली फट दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पातळ पातं त्यात ओढलं जातं. मग चालू करायला सांगा, सर्वांत मंद वेगापासून सर्वांत जोराच्या वेगापर्यंत. सांगाड्यावर रुपयाचं नाणं कडेवर उभं ठेवा. मधल्या वेगात ते पडलं तर त्या वेगाला यंत्र थरथरतं, आणि वस्तऱ्याचं शेवटचं काम नेमकं मधल्या-खालच्या वेगातच होतं. ट्रॅकिंगची फिरकी अर्धा वेढा फिरवून बेल्ट किती सरकतो आणि नव्या जागी स्थिर राहतो का, ते पाहा. वेग बदलल्यावर बेल्ट आपोआप सरकत असेल तर स्प्रिंगचा ताण कमी आहे किंवा ट्रॅकिंगच्या हाताचा बिजागर ढिला आहे.

सुरी करणाऱ्याने या सगळ्यात प्लॅटन नीट तपासावा, वस्तरा करणाऱ्याने थरथर. बाकी गोष्टी नंतर दुरुस्त होतात.

बेल्ट

यंत्राइतकेच पैसे हळूहळू बेल्टवर जातात, हे आधीच मान्य करा. सुरुवातीला ६० नंबरचे सिरॅमिक, १२० चे साधे आणि ४०० पर्यंतचे बारीक एवढं पुरे. पाठीच्या वळणाला आणि वस्तऱ्याच्या खांद्याला वाकणारे जे-फ्लेक्स कापडाचे बेल्ट लागतात. कडक एक्स वजनाच्या कापडाची कड तिथे खोल रेघ पाडते.

बेल्टचा जोड बघून घ्या. एकावर एक चढवून केलेला जोड प्रत्येक फेरीला पात्यावर टक् करून आपटतो. सुरीला ते चालतं. पातळ वस्तऱ्याला टोकाला टोक भिडवून मागून टेप लावलेला जोड हवा. पावसाळ्यात बेल्ट दमट होऊन वळतात आणि सांध्याचा गोंद सैल पडतो, म्हणून ते घडी न घालता जाड खुंटीवर लटकवून बंद कपाटात ठेवा. पाणी दिलेल्या पात्याला जुना, झिजलेला बेल्ट लावण्याची काटकसर करू नका; बोथट दाणा कापत नाही, नुसता तापवतो.

जागा, धूळ, शेजारी

ग्राइंडरखाली पाण्याची बादली ठेवा, तिचे दोन उपयोग. ठिणग्या तिच्यात पडतात आणि दर एक-दोन फेऱ्यांनंतर पातं त्यात बुडवता येतं. पात्याजवळ हातमोजे घालू नका, बोटाला गरम लागलं की बुडवायची वेळ झाली. मोजा घातला की हा इशारा कळत नाही, आणि तो बेल्ट आणि टेबलाच्या फटीत ओढला जाण्याची भीती वेगळीच. चष्मा आणि एफएफपी२ चा मास्क प्रत्येक वेळी, दोन मिनिटांच्या कामालाही. मुठीसाठी लाकूड किंवा मायकार्टा (राळेत दाबलेल्या कापडाचे थर) घासताना तर मास्क जास्तच गरजेचा.

लाकूड घासायच्या आधी बादली बदला आणि आजूबाजूचा लोखंडाचा कीस झाडून काढा. भुसा आणि ठिणग्या एकत्र नकोत. ॲल्युमिनियम या यंत्रावर घासूच नका. त्याची भुकटी आणि लोखंडाची गंजलेली भुकटी एकत्र पेटली तर विझवता येत नाही.

कारेलीबाग, मांजलपूरच्या सोसायट्यांत दुपारी एक ते चार या वेळात यंत्र चालू केलंत तर ग्राइंडरपेक्षा मोठा आवाज वरच्या मजल्यावरच्या काकूंचा येईल. सकाळची वेळ धरा. यंत्राच्या पायांखाली जाड रबरी पॅड घातले तर खालच्या स्लॅबला जाणारी घरघर बरीच कमी होते.

पहिली कामं

यंत्र आलं की लगेच चांगलं पोलाद लावू नका. माइल्ड स्टीलची २५ × ५ मि.मी. पट्टी घ्या, तिच्या कडेवर मधोमध दोन समांतर रेघा ओढा आणि दोन्ही बाजूंनी त्या रेघांपर्यंत सारखा उतार आणायचा सराव करा. उजवा-डावा उतार सारखा येईपर्यंत हेच. रेघ ओढायला वर्नियरच्या टोकाने शाई लावलेल्या पट्टीवर ओरखडा काढला की पुरतं.

मग पोलाद. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा भंगारात मिळतो आणि कोयत्याला, जाड सुरीला तो चांगला, पण वस्तऱ्याला नको. त्यात कार्बन कमी आणि आतल्या बारीक भेगा दिसत नाहीत. वस्तऱ्यासाठी ओएचएनएस किंवा ईएन३१ या जातींच्या पोलादाच्या नव्या पट्ट्या घ्या. टूल स्टील विकणारे त्या कापून देतात. पाणी देण्याआधी धार सुमारे १ मि.मी. जाड ठेवा, नाहीतर तेलात बुडवताना ती वाकते किंवा तडकते. घरी भट्टी नसेल तर जीआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे दोन-चार पाती एकत्र द्या. त्याला पोलादाचं नाव, धारेची जाडी आणि हवा असलेला कडकपणा लिहून द्या: वस्तऱ्याला ६० ते ६२ एचआरसी (रॉकवेल मापाचा कडकपणा), घरगुती सुरीला ५८ ते ६०. नुसतं "हार्ड करी आपो" म्हणालात तर डायच्या लॉटबरोबर जाईल आणि कडकपणा डायचा येईल.

परत आलेल्या पात्यावर नवा १२० चा बेल्ट, व्हीएफडी २० हर्ट्झच्या आसपास, आणि एका बाजूला एक फेरी झाली की दुसऱ्या बाजूला एक. धार ०.३ मि.मी. वर आली की वस्तऱ्याचं ग्राइंडरवरचं काम थांबवा आणि पुढचं दगडावर करा. हात बसल्यावर मग त्याच्या खाली जाता येतं.